घरगुती वापर आणि डेटा संरक्षण कायदा: सूट कुठपर्यंत, जबाबदारी कुठून

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या सचिवपदावरून मी मोकळा झालो, तेव्हा दप्तर नव्या सचिवांकडे सोपवायला एक दुपार पुरली. सभासदांची नोंदवही, इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तके, शिक्के आणि कपाटाच्या किल्ल्या यादीप्रमाणे दिल्या-घेतल्या गेल्या आणि दोघांच्या सह्याही झाल्या. त्या रात्री मोबाइलमधील जुनी छायाचित्रे पुसायला घेतली आणि लक्षात आले की दप्तराचा बराच भाग अजून माझ्या खिशातच होता. भाडेकरूंच्या आधार कार्डांची छायाचित्रे, थकबाकीदारांची एक्सेल यादी आणि दोन कुटुंबांच्या भांडणाचे जिन्यातील चित्रीकरण तिथे तसेच पडून होते. त्यांच्याच शेजारी आईच्या रक्ततपासणीचे अहवाल, घरी कामाला येणाऱ्या ताईंचा नंबर आणि भाचीचा लग्नासाठी केलेला बायोडेटा होता. मोबाइल एक, माणूसही एकच. पण या दोन प्रकारच्या माहितीकडे कायदा वेगवेगळ्या नजरेने पाहतो, आणि तो फरक आपल्यापैकी बहुतेकांना कोणी समजावून सांगितलेला नाही. हा लेख त्यासाठी आहे.

कायद्यातील मूळ तरतूद

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या मंजुरीने कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे: तक्रारींची चौकशी करून दंड ठरवणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेविषयीच्या तरतुदी लगेच लागू झाल्या, तर संमती, सूचना, सुरक्षा आणि नागरिकांचे हक्क यांविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार, असे अधिसूचनेत ठरले आहे. या सगळ्यामागे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिलेला निकाल आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे त्या निकालाने स्पष्ट केले.

जी माहिती वाचून किंवा जोडून एखादी व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहिती, अशी कायद्याची व्याख्या आहे. नाव, फोन नंबर, चेहरा, गाडीचा क्रमांक, सदनिका क्रमांक हे सगळे तिच्यात बसते. मात्र कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू होतो, मग ती मुळात डिजिटल असो किंवा कागदावरून नंतर संगणकात आलेली असो. कपाटातील जुन्या डायरीत लिहिलेले पत्ते या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. तेच पत्ते एक्सेलमध्ये उतरवले की येतात. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याला कायद्याने डेटा फिड्युशिअरी म्हटले आहे. या लेखात मी त्याला ‘विश्वस्त’ म्हणणार आहे, कारण त्या शब्दातील जबाबदारी मराठी वाचकाला लगेच उमगते.

घराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ते कलम ३. कोणत्याही वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेल्या माहितीच्या हाताळणीला हा कायदा लागू होत नाही, असे ते सांगते. तसेच एखाद्याने स्वतःची माहिती स्वतःहून सार्वजनिक केली असेल, किंवा कायद्याच्या बंधनामुळे कोणाला ती सार्वजनिक करावी लागली असेल, तर त्या माहितीलाही तो लागू होत नाही. पहिल्या सुटीतील दोन शब्द नीट वाचले पाहिजेत. पहिला शब्द ‘व्यक्ती’. ही सूट हाडामांसाच्या माणसाला आहे. सोसायटी, गणेश मंडळ, वधूवर सूचक मंडळ, क्लास किंवा दुकान यांना नाही. दुसरा शब्द ‘कारण’. माहिती कुठे ठेवली आहे हे कायदा विचारत नाही, ती कशासाठी वापरली हे विचारतो. त्यामुळे दिवाणखान्यात बसून केलेले सोसायटीचे काम घरगुती ठरत नाही आणि कचेरीत बसून आईच्या औषधांची यादी केली म्हणून ती कचेरीची होत नाही.

पहिली पायरी: मोबाइलमधील माहितीची वर्गवारी

एका रविवारी तासभर काढावा. फोनची गॅलरी, व्हॉट्सॲपमध्ये उतरलेल्या फाइली, ईमेल, क्लाउडवरील साठा आणि घरातील संगणक एवढे उघडून पाहावे आणि दुसऱ्याची ओळख पटवणारी जी जी माहिती सापडेल तिच्यापुढे दोन प्रश्न मांडावेत. ही माहिती मी कुटुंबाचा माणूस म्हणून मिळवली, की एखादे पद, व्यवसाय किंवा मिळकत यांच्यामुळे मिळवली? आणि ज्याने ती दिली, त्याला मी ती कशासाठी वापरेन असे वाटले होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कुटुंब’ असेल तर कलम ३ ची सूट मिळते. उत्तर पद, व्यवसाय किंवा मिळकत असेल तर ती फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये काढावी. पुढील पायऱ्या त्याच फोल्डरसाठी आहेत.

दुसरा प्रश्न सूट असलेल्या माहितीलाही विचारावा असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण बायोडेटाच्या उदाहरणाने चांगले कळते. पुण्यात लग्नाचा बायोडेटा म्हणजे जन्मवेळ, जन्मस्थळ, पगार, कंपनीचे नाव, वडिलांचा नंबर, मामाचे गाव आणि फोटो असा एका पानावरचा संपूर्ण माणूस असतो. मुलीच्या वडिलांनी तो मावशीला पाठवला, मावशीने भिशीच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कोणी तिसऱ्याने पुढे नेला. यातील प्रत्येकाचे कारण वैयक्तिकच असल्याने डेटा संरक्षण कायदा त्यांना विचारणार नाही. तोच बायोडेटा वधूवर सूचक मंडळाने आपल्या यादीत घेतला की मात्र मंडळ विश्वस्त ठरते आणि लग्न जमल्यावर तो काढून टाकण्याची मागणी मुलगी करू शकते. अडीचशे जणांच्या ग्रुपवर मावशीने टाकलेला बायोडेटा म्हणजे मुलीने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती, असे म्हणता येणार नाही, कारण ती सूट फक्त स्वतःच्या कृतीसाठी आहे. म्हणून बायोडेटा पाठवताना जन्मवेळ आणि घरचा पत्ता गाळलेली एक प्रत करावी. पूर्ण प्रत बोलणी पुढे सरकल्यावरच द्यावी.

दुसरी पायरी: घरी कामाला येणाऱ्यांची माहिती

पोळ्यांच्या ताई, वाहनचालक, रात्रपाळीच्या आया यांचे आधार कार्ड आपण सहज मागतो आणि फोटो काढून ठेवतो. स्वतःच्या घरासाठी माणूस ठेवणे हे घरगुती कारण आहे, त्यामुळे कायद्याची औपचारिक सूचना त्यांना देण्याचे बंधन आपल्यावर येत नाही. तरीही ज्यांना ‘नाही’ म्हणणे परवडत नाही त्यांच्या बाबतीत आपण अधिक काळजी घ्यायला हवी, हे मी आग्रहाने सांगेन. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मास्क केलेले आधार मिळते आणि त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ओळख पटवायला ते पुरते. त्यांना ते उतरवून द्यायला आपण मदत करावी, पूर्ण कार्डाचा फोटो पुसावा आणि काम सुटल्यावर उरलेली प्रतही पुसावी. कामवाल्या ताईंविषयीची तक्रार फोटोसह इमारतीच्या ग्रुपवर टाकणे तर पूर्णपणे टाळावे. डेटा कायद्यात सूट असली तरी बदनामीच्या कायद्यात ती नाही.

तिसरी पायरी: दारावरचा कॅमेरा

या प्रश्नावर युरोपात जे घडले ते जाणून घेण्यासारखे आहे. चेक प्रजासत्ताकातील एका गृहस्थाच्या घराच्या खिडक्या वारंवार फोडल्या जात होत्या. त्याने कॅमेरा लावला आणि चित्रीकरणातून संशयितही सापडले. पण कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता आणि समोरच्या घराचे दार येत होते. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये ठरवले की असे चित्रीकरण निव्वळ घरगुती राहत नाही आणि डेटा कायदा त्याला लागू होतो. तिथल्या कायद्यातील सूट ‘निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती’ कामांपुरती आहे. आपल्या कायद्यात ‘निव्वळ’ हा शब्द नाही आणि ‘कोणत्याही’ हा आहे, म्हणजे आपली सूट शब्दाने तरी अधिक रुंद आहे. आपल्या घराच्या सुरक्षेसाठी दारावर लावलेला कॅमेरा त्यामुळे बहुतांशी या कायद्याबाहेर राहील.

बाकीचे कायदे मात्र तिथे येतातच. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीला खासगी क्षणी पाहणे किंवा तिचे चित्रीकरण करणे हा गुन्हा ठरवते आणि कलम ७८ पाठलागाविषयी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार खासगी अवयवांचे संमतीविना चित्रीकरण किंवा प्रसारण केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घर एकत्र असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. घराच्या राहत्या भागात सहरहिवाशांच्या संमतीविना कॅमेरे चालवता येणार नाहीत, असे कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. भावाभावांत वाटणी न झालेल्या पेठेतील वाड्यांना आणि दोन बिऱ्हाडांच्या बंगल्यांना हे थेट लागू पडण्याजोगे आहे.

कॅमेरा लावताना तो आपल्या उंबरठ्याकडे आणि जिन्याच्या आपल्या भागाकडे वळवावा. शेजाऱ्याचे दार चुकवता येतच नसेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये चित्राचा तेवढा भाग झाकण्याची सोय बहुधा असते, ती वापरावी. आवाजाचे ध्वनिमुद्रण बंद ठेवावे, कारण जिन्यात बोलणाऱ्याला आपण ऐकले जात आहोत याची कल्पना नसते. खोक्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि चित्रीकरण पंधरा दिवसांनी आपोआप पुसले जाईल असे ठरवून ठेवावे. मग शेजाऱ्यांना घरात बोलावून फोनवर चित्र दाखवावे. आमच्या मजल्यावरचा कॅमेऱ्याचा वाद वकिलापर्यंत जाण्याच्या बेतात होता. तो शेजाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पडदा पाहिल्यावर दहा मिनिटांत मिटला.

चौथी पायरी: भाडेकरू ठेवताना

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. त्यासाठी आधार, पॅन, फोटो आणि साक्षीदारांची माहिती लागते. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची ती वेगळी. मिळकतीसाठी सदनिका भाड्याने देणे घरगुती कारणात बसते का, याची व्याख्या कायद्याने केलेली नाही. उत्पन्नासाठी केलेला व्यवहार घरगुती मानू नये आणि विश्वस्तासारखे वागावे, अशी माझी शिफारस आहे.

तसे वागायला फार काही लागत नाही. कोणती कागदपत्रे कशासाठी हवी आहेत आणि ती कोणाकोणाकडे जातील हे भाडेकरूला आधी मराठीत किंवा त्याला कळेल त्या भाषेत लिहून पाठवावे. कागदपत्रे एजंटाच्या व्हॉट्सॲपवरून न मागवता थेट घ्यावीत आणि करार नोंदला गेल्यावर एजंटाला त्याच्याकडील प्रती पुसायला सांगावे. नोंदणीकृत करार हिशेबासाठी जपावा, बाकीचे फोटो भाडेकरू घर सोडून गेल्यावर काढून टाकावेत. ‘आयटीत आहे का, लग्न झाले आहे का, गावाकडे कोण असते’ ही माहिती करारासाठी लागत नाही, म्हणून ती नोंदवून ठेवू नये.

पाचवी पायरी: घरून चालणारा व्यवसाय

डबे, शिकवण्या, पाळणाघर, ब्लाउज शिवणे, फराळाच्या ऑर्डरी हे सगळे घरात चालते, पण ‘घरगुती कारण’ या शब्दांत ते बसत नाही. याचा पुरावा नियमांतच आहे. चौथ्या अनुसूचीत मुलांच्या माहितीविषयी काही सवलती दिल्या आहेत आणि सवलत मिळणाऱ्यांत पाळणाघरात मुले सांभाळणाऱ्या ‘व्यक्ती’चाही उल्लेख आहे. घरात मुले सांभाळणारी एकटी बाई कायद्याबाहेर असती, तर तिला सवलत देण्याचे कारणच नव्हते. मुलांच्या सुरक्षेसाठी लक्ष ठेवण्यापुरतीच ती सवलत आहे. मुलांचे फोटो जाहिरातीसाठी वापरायला ती उपयोगी पडत नाही.

डब्याचा व्यवसाय असेल तर काम सोपे आहे. ग्राहकाने डबा पोहोचवण्यासाठी स्वतःहून नंबर आणि पत्ता दिला, तर त्याच कामासाठी तो वापरायला कलम ७ परवानगी देते. तोच नंबर दिवाळीला ओळखीच्या साडीविक्रेत्याला दिला की हेतू बदलला आणि संमती घ्यावी लागली. शिकवणी घेणाऱ्यांनी अधिक जपावे. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे आणि बालकाची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. दहावीतील विद्यार्थ्यांचा ग्रुप करायचा तर तो पालकांच्या नंबरांवर करावा. गुणांची यादी ग्रुपवर टाकू नये, ज्याचे गुण त्याच्या पालकांना कळवावेत. ‘यशस्वी विद्यार्थी’ अशी फोटोसह पाटी करण्याआधी पालकांकडून त्या कामासाठी वेगळी लेखी परवानगी घ्यावी.

सहावी पायरी: सोसायटीचे पदाधिकारी असाल तर

सोसायटी हा वेगळा कायदेशीर देह आहे आणि तिच्या माहितीची विश्वस्त ती स्वतःच आहे. सचिव आणि खजिनदार हे तिचे हात आहेत. सभासदांची नोंदवही ठेवणे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार बंधनकारक आहे, म्हणून ‘माझे नाव नोंदवहीतून पुसा’ असे सभासद म्हणू शकत नाही. पण नोंदवहीत काय असते आणि ग्रुपवर काय फिरते यांत खूप अंतर आहे.

गेटवरच्या ॲपचे उदाहरण घ्या. आलेल्याचे नाव, नंबर, फोटो आणि वेळ ॲपच्या कंपनीकडे साठते, पण कंपनी हे काम सोसायटीच्या वतीने करते, आणि तिच्या हातून माहिती फुटली तरी कायदा आधी सोसायटीला विचारतो. वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चुकीचे स्वरूप आणि गांभीर्य पाहून डेटा संरक्षण मंडळ रक्कम ठरवणार असल्याने लहान सोसायटीने त्या आकड्याने घाबरून जाऊ नये, पण करार न वाचता सहीही करू नये. माहिती किती दिवस ठेवणार, करार संपल्यावर ती पुसणार का, ती जाहिरातीसाठी वापरणार का, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. माहिती फुटलीच तर बाधित व्यक्तींना आणि मंडळाला विनाविलंब कळवावे लागते, आणि सविस्तर माहिती ७२ तासांच्या आत मंडळाला द्यावी लागते.

थकबाकीची यादी सभेपुढे ठेवणे हा कारभाराचा भाग आहे. ती यादी भाडेकरू, पाहुणे आणि माजी रहिवासी असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे हे वसुलीसाठी गरजेचे नाही, आणि मी सचिव असताना ते एकदा केले होते याची मला आजही खंत आहे. यादीतील एका घरात त्या महिन्यात नोकरी गेलेली होती. ग्रुपच्या ॲडमिनला दिलासा देणारी एक गोष्ट सांगायला हवी: सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याशिवाय, केवळ ॲडमिन म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. पण स्वतः ॲडमिनने टाकलेल्या यादीला हा दिलासा नाही.

पद सोडताना कागदी दप्तराबरोबर डिजिटल दप्तराचीही यादी करावी. सोसायटीच्या नावाचा ईमेल आणि त्याचा पासवर्ड, एक्सेल फाइली, कॅमेऱ्याचे आणि गेटच्या ॲपचे लॉगिन, ग्रुपचे ॲडमिनपद असे एकेक लिहून नव्या पदाधिकाऱ्यांकडे द्यावे. त्यांनी पासवर्ड बदलल्यावर आपल्या फोनमधील प्रती पुसाव्यात; गॅलरीतून पुसलेले छायाचित्र क्लाउडवर आणि ‘अलीकडे हटवलेले’ या फोल्डरमध्ये राहते, तिथेही पाहावे. मग ‘माझ्याकडे सोसायटीची कोणतीही प्रत उरलेली नाही’ असे एक वाक्य लिहून सही करावी. मी हे तीन आठवडे उशिरा केले, पण केले.

सातवी पायरी: आपलीच माहिती दुसऱ्याकडे असेल तेव्हा

मुख्य तरतुदी लागू झाल्यावर बँक, दवाखाना, दुकान किंवा सोसायटी यांच्याकडे आपली कोणती माहिती आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा आणि दिलेली संमती तितक्याच सहजपणे मागे घेण्याचा हक्क आपल्याला असेल. संमतीची सूचना मराठीत मागता येईल, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेचा पर्याय देणे बंधनकारक आहे. आधी तक्रार त्या संस्थेकडेच करावी लागते. तिला उत्तरासाठी जास्तीत जास्त ९० दिवस आहेत, आणि त्यानंतर डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येते. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते, तक्रारदाराला भरपाई म्हणून मिळत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

नामनिर्देशनाचा हक्क मला विशेष मोलाचा वाटतो. मृत्यू झाल्यास किंवा असमर्थता आल्यास आपल्या वतीने हे हक्क कोणी बजावायचे, त्या व्यक्तीचे नाव देता येते. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा ज्येष्ठांची पुण्यात कमी नाही. त्यांनी पुण्यातच राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाचा विचार करावा आणि मुलांना तसे कळवावे.

हा कायदा घरी बसलेल्या सामान्य माणसाकडूनही काही अपेक्षा ठेवतो. माहिती देताना दुसऱ्याचे सोंग घेऊ नये, सरकारी ओळखपत्रासाठी महत्त्वाची माहिती दडवू नये, दुरुस्ती मागताना पडताळता येईल अशीच माहिती द्यावी आणि खोटी किंवा उथळ तक्रार करू नये, ही कर्तव्ये कलम १५ मध्ये आहेत. ती मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेजाऱ्यावरचा राग काढण्यासाठी सोसायटीविरुद्ध मंडळाकडे अर्ज करण्याचा कोणाचा विचार असेल, तर हे कलम आधी वाचावे.

आठवी पायरी: माहिती फुटली किंवा तिचा गैरवापर झाला तर

पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवून खाते गोठवावे. पहिल्या काही तासांत रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. फोटोंचा गैरवापर, बनावट खाते किंवा धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पुण्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जावे. जाण्यापूर्वी काहीही पुसू नये. संदेशांचे स्क्रीनशॉट तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असे घ्यावेत, खात्याचा पूर्ण दुवा उतरवून घ्यावा आणि एक प्रत घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर ठेवावी. माहिती ज्या संस्थेकडून फुटली असावी असे वाटते, तिला त्याच दिवशी ईमेल करून काय फुटले आणि कधी लक्षात आले ते लिहावे, आणि तक्रारीच्या पोचपावतीचा क्रमांक त्या ईमेलमध्ये नोंदवावा.